थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरबाई

थळमध्ये राऊतबाईंना राऊतबाई म्हणणारं कोणी नव्हतं. समोर डॉक्टरबाई आणि पाठीमागे थांबाबाई. कोणी काही ठासून सांगायला लागलं की त्या उजव्या हाताचा पंजा समोर उभा धरायच्या, नाक्यावरचा पोलीस धरतो तसा, आणि म्हणायच्या, "थांबा." आवाज चढवायच्या नाहीत, तरी बोलणारा थांबायचाच. मीसुद्धा कितीदा थांबले आहे आणि दर वेळी मला रागच आला आहे. बाई म्हणत होत्या ते बरोबर होतं, हे मला नेमकं घरी जाऊन भाकऱ्या थापताना कळायचं. तेव्हा भांडायला समोर कोणी नसायचं.

माझं औषधांचं दुकान आहे. बाई मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात शिकवायच्या. नव्या औषधांच्या चाचण्यांचे अहवाल तपासायचे, त्यांतलं खरं किती आणि फुगवलेलं किती ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्या आणि वडिलांच्या रिकाम्या घरी राहायला आल्या. लग्न केलेलं नव्हतं. गावाला वाटलं, चला, घरच्या घरी दवाखाना झाला. बाईंनी दवाखाना काढलाच नाही. "डाक्टर हाय म्हनतात, पन सुई मारत न्हाय," अशी त्यांची पहिली कीर्ती झाली.

माझी त्यांची पहिली भेट खोकल्याच्या औषधावरून. त्यांनी एक साधं औषध मागितलं, मी दुसरी बाटली पुढे केली आणि सांगितलं की हे घ्या, हे फार चालतं. पंजा वर आला. "थांबा. चालतं म्हणजे दुकानातून जातं, की खोकला जातो?" मी म्हटलं, लोक परत येऊन सांगतात. त्यावर त्यांनी विचारलं की ज्यांचा खोकला गेला नाही, ते परत येऊन सांगतात का? खोकला न गेलेली माणसं दुसऱ्या दुकानात जातात, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! पण सकाळी सकाळी बोहनीच्या वेळेला कोणी असं विचारतं का? नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या.

तरी दुसऱ्या दिवसापासून बाई रोज सकाळी माझ्याकडे पेपर वाचायला येऊन बसू लागल्या. बारा महिने हातात लांब दांड्याची छत्री, अंगावर सुती पातळ, आणि चहा विचारला तर "नको" ठरलेलं. माझं गिऱ्हाईक त्यांना घाबरायचं. एकदा गुडघेदुखीच्या काढ्याची लाट आली होती. चोंढीच्या बाजूचा एक माणूस बाटल्या घेऊन यायचा आणि निम्म्या गावाचे गुडघे बरे झाल्याची चर्चा होती. बाईंनी त्याला दुकानाच्या पायरीवर गाठलं आणि शांतपणे सांगितलं की बरे झालेले नकोत, बरे न झालेले आणून दाखवा. तो म्हणाला, तसं कोणीच नाही. "जाळ्यात आलेले मासे मोजून समुद्रात काय आहे ते सांगू नये," बाई म्हणाल्या आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. तो माणूस आमच्या बाजूला परत फिरकला नाही. काढा बरा होता की वाईट, हे मात्र बाईंनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी खनपटीला बसले तेव्हा म्हणाल्या, "मला माहीत नाही. त्यालाही नाही. फरक एवढाच की मी ते कबूल करते."

गावात त्यांच्याबद्दल एकच खरी तक्रार होती. बाई कोणाकडे जेवायच्या नाहीत. लग्नाला यायच्या, आहेर द्यायच्या, नवरानवरीची चौकशी करायच्या आणि पानं मांडायला लागली की छत्री उचलायच्या. साखरपुडा असो, पूजा असो, बारसं असो, तेच. लोक म्हणायचे की मुंबईची सवय, आपल्या हातचं चालत नसेल. मलाही तसंच वाटायचं, आणि ते मला लागायचं. माझ्या हातचं कालवण त्यांना आवडायचं, डबा दिला तर घासूनपुसून परत यायचा, मग माझ्याबरोबर बसून जेवायला काय होतं? गावाजवळच्या कारखान्याचा भोंगा वाजला की नवखा माणूस दचकतो, बाईंची पापणीही हलायची नाही. पण दुकानात कोणी शेंगदाणे चावत उभं राहिलं की त्या पेपर तसाच टाकून चालू लागायच्या. मी हे बघितलं होतं. त्याचा अर्थ लावायचं मात्र मला सुचलं नाही.

आता हर्षदाचं सांगते. हर्षदा माझ्या बहिणीची मुलगी. ताई गेल्यावर माझ्याकडेच वाढली. गुणी पोर, पण जेवायच्या वेळी तिचं तंत्र असायचं. ताट घेऊन जिन्यात जाऊन बसायची. मावशी, भुरके मारू नको ना, असं मला म्हणायची. मी म्हणायचे, नखरे कमी कर, सासरी कोण ऐकून घेणार आहे तुझं. माझं बोलणं खरं व्हायला वेळ लागला नाही. तिला रेवसच्या अलीकडच्या गावात दिली. आगरी कुटुंब, खातंपितं. मिठागरं सुटल्यावर सासऱ्यांनी ट्रक घेतले, आता मुलगा नितेश तो धंदा बघतो. सासरे नामदेवशेठ म्हणजे राजा माणूस. मनात काही ठेवणार नाही, दारी आलेल्याला उपाशी पाठवणार नाही.

पण नामदेवशेठचं जेवण म्हणजे सोहळा. त्यातून चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, असल्या तर विचारूच नका. नांगी दाढेखाली कडकन फोडायची, त्यातला रस ओढून घ्यायचा, पाय चोखायचे, बोटं चाटायची, मध्येच रश्श्याचा भुरका. रांधणाऱ्या बाईला असा जेवणारा माणूस आवडतो. मलाही आवडतो. हर्षदाला त्या आवाजाने काय व्हायचं, ते तिने लग्नानंतर कोणाला सांगितलं नाही. आधी काम काढून मागच्या पडवीत जायची, मग डोकं दुखतं म्हणायला लागली, मग जेवणच टाळायला लागली. सून आपल्याबरोबर जेवत नाही याची कुजबुज सुरू झाली. झोप उडाली तिची. दुपार झाली की तिच्या छातीत धडधडायला लागायचं, कारण आता पानं मांडायची वेळ. आणि आषाढातल्या एका रविवारी, घरात पाहुणे असताना, नामदेवशेठनी नांगी फोडली आणि ही सगळ्यांसमोर म्हणाली, "तोंड मिटून जेवा ना हो!"

सासऱ्याला. पाहुण्यांपुढे. नामदेवशेठनी ताट सरकवलं आणि उठले. हर्षदा स्वयंपाकघरात कान दाबून थरथरत बसली होती, ते कोणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी नितेश तिला चार दिवसांसाठी म्हणून माझ्याकडे सोडून गेला.

मी हे सगळं बाईंना सांगितलं, म्हणजे खरं तर रडगाणंच गायलं. बाईंनी हर्षदाला बोलावून घेतलं आणि तासभर प्रश्न विचारले. मग मला म्हणाल्या की याला नाव आहे, मिसोफोनिया म्हणतात. ठरावीक आवाज कानावर पडले की माणसाच्या आत भडका उडतो, पळून जावंसं वाटतं नाहीतर मारावंसं वाटतं. कान ठणठणीत असतात, स्वभावही वाईट नसतो. हर्षदा ते ऐकून ढसाढसा रडली. एवढी वर्षं तिला वाटत होतं की आपण मुळात दुष्टच आहोत.

नितेश वाईट मुलगा नाही. त्याला बायको हवी होती आणि बापही हवा होता. त्याने मोबाइलवर शोधाशोध केली आणि एक दिवस धावत माझ्या दुकानात आला. परदेशातली कोणी बाई सांगत होती की एका गोळीने तिचा हा त्रास आठवड्यात पळाला. गोळीचं नाव मला ठाऊक होतं. धास्ती आणि उदासीनता असलेल्यांना देतात ती, माझ्या कपाटातच होती. "मावशी, द्या ना," नितेश म्हणाला. मी म्हटलं, चिठ्ठीशिवाय देणार नाही. पण खरं सांगते, माझा हात कपाटाकडे वळत होता. स्टुलावरून बाईंचा पंजा वर आला.

बाईंनी तीन-चार दिवस मागून घेतले. घरी संगणकावर बसून जे काही छापून आलं होतं ते सगळं वाचलं. मग आम्हाला तिघांना ओटीवर बसवून सांगितलं. मी आपली माझ्या शब्दांत सांगते. या त्रासावर गोळ्या देऊन पाहिल्याच्या हकिगती आहेत, पण मोजक्या माणसांच्या. त्यांतल्या बऱ्याच जणांना सोबत दुसरंही काही होतं, धास्ती किंवा उदासीनता. कित्येकांचे बोलून करायचे उपचारही त्याच वेळी चालू होते. बरं वाटलं ते कशाने, हे कोण सांगणार? गोळी न घेतलेली तशीच माणसं शेजारी ठेवून मोजलेलं फारच थोडं. आणि बरं वाटलं की नाही ते बहुतेक वेळा ज्याला बरं वाटायला हवं होतं त्यालाच विचारलेलं. नितेश वैतागला. मग काय, सगळं खोटं?

"थांबा. कच्चा पुरावा म्हणजे खोटा पुरावा नव्हे," बाई म्हणाल्या. "कैरी कोणी फेकून देत नाही. पण आंबा म्हणून विकतही नाही."

मग त्यांनीच अलिबागच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. ते डॉक्टर सरळ निघाले. म्हणाले, आवाजाच्या त्रासासाठी खात्रीने देतोय असं समजू नका. पण हिला झोप नाही, धास्ती आहे, त्यासाठी ही गोळी योग्य आहे. आवाजाचं काय होतं ते बघू. हर्षदाने ते नीट ऐकलं. नितेशने फक्त गोळीचं नाव ऐकलं.

गटारी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी सुरू झाली. हर्षदा सासरी परतली. आणि काय सांगू, आठवड्याच्या आत फोन! हर्षदा सगळ्यांबरोबर एका पंगतीत बसून जेवली. पुढच्या आठवड्यात तेच. नारळी पौर्णिमेला नारळीभात खाताना ती हसत होती म्हणे. माझा जीव भांड्यात पडला. नामदेवशेठ स्वतः पेढे घेऊन दुकानात आले, माझ्या हातात ठेवले आणि बाईंपुढे पुडा धरून म्हणाले की बघा, गोलीनं पोर मानसात आली.

बाईंनी पेढा घेतला. "पेढा घेते, शेठ. पण गोळीचा म्हणून नाही. गणपती जाऊ देत, मग बोलू."

नामदेवशेठचा चेहरा उतरला. डॉक्टर, तुमचं तोंड कायम कडू, असं काहीतरी पुटपुटत ते गेले. मी तर भडकलेच. एवढ्या आनंदाने आलेल्या माणसाचा असा पाणउतारा करतात का? बाई जरा वेळ छत्रीच्या दांड्याशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "अगं वंदना, ही गोळी इतक्या लवकर कशालाच लागू पडत नाही. तिला काही आठवडे लागतात. आणि उद्या ती नाही लागू पडली, तर हे लोक गोळीला दोष देणार नाहीत. हर्षदाला देतील."

ते शब्द मला तेव्हा अपशकुनी वाटले. गणपती आले, गेले. आणि त्यानंतरच्या रविवारी सूनबाई बरी झाली म्हणून नामदेवशेठनी मुद्दाम खाडीवरून भरल्या चिंबोऱ्या आणल्या. हर्षदा पंगतीत बसली. पहिली नांगी फुटली तशी तिने डोळे मिटले. दुसरीला ती उठली, ताट लवंडलं, आणि ती मागच्या दाराने जी धावत सुटली ती रस्त्यापर्यंत.

संध्याकाळी नितेश तिला घेऊन माझ्याकडे आला. तिची बॅग खाली ठेवली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, औषध घेऊनपण असंच असेल तर हे आजारपण नाही. हिला आमचं घरच नको आहे. बाबा म्हणतात, जबरदस्ती नको, मोकळी करून टाकू." काडीमोडाची भाषा इतक्या साध्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती. तो गेल्यावर हर्षदा मला म्हणाली, "मावशी, माझंच काही खोटं असेल का गं? श्रावणात तर मला खरंच बरं वाटत होतं."

सकाळी मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. त्या दिवशी पंजा वर आला नाही. शनिवारी संध्याकाळी मात्र त्या माझ्या दारात उभ्या. म्हणाल्या, नामदेवशेठना कळव, उद्या दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला येते. चिंबोऱ्याच करा म्हणावं. थांबाबाई कोणाच्या घरी जेवायला निघाल्या आहेत, ही बातमी मी गावात सांगितली असती तर कोणी विश्वास ठेवला नसता.

रविवारी आम्ही दोघी रिक्षाने गेलो. हर्षदा घरीच राहिली. नामदेवशेठच्या मनात किल्मिष होतं, पण दारी आलेला पाहुणा तो पाहुणा. त्यांच्या मंडळींनी ओल्या खोबऱ्याचं वाटण लावून असा रस्सा केला होता की वास रस्त्यावर येत होता. बाईंनी सांगितलं, शेठ, तुम्ही माझ्या समोर बसा, आणि नेहमी जेवता तसंच जेवा, माझ्यासाठी काही कमी करू नका. नामदेवशेठना त्याचं कौतुक वाटलं. ते मनापासून जेवायला लागले.

मी बाईंच्या बाजूला होते, म्हणून मला दिसलं. पहिल्या नांगीला त्यांची मान ताठ झाली. मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या. भाताचा घास हातात होता, तो तसाच राहिला. नामदेवशेठ एक लांबलचक पाय चोखत होते, आणि बाईंच्या डाव्या हाताने ताटाची कड अशी धरली होती की ताट थडथडत होतं. त्या उठल्या. पडवीत गेल्या आणि भिंतीला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. मी पाणी घेऊन धावले, तर त्यांचे डोळे भरलेले. वयाची सत्तरी गाठलेली बाई, लहान मुलीसारखी घाबरलेली दिसत होती. मला त्या क्षणी त्यांची फार माया आली.

त्या आत आल्या, दाराशी खुर्ची घेऊन बसल्या. नामदेवशेठ हात तसाच धरून थांबले होते. तिखट लागलं का, असं त्यांची बायको विचारत होती.

"शेठ, हर्षदाला जे होतं ते मला लहानपणापासून होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून मी कोणाच्या पंगतीला बसत नाही. गावाला वाटतं मी शिष्ट आहे. वाटू दे म्हटलं, सांगण्यापेक्षा ते सोपं होतं."

मग त्यांनी वडिलांचं सांगितलं. राऊतमास्तर बशीतून चहा प्यायचे. भुरका मारल्याशिवाय त्यांना चहा प्यायल्यासारखं वाटायचं नाही. बाई मोठ्या डॉक्टर झाल्या, पण वडील चहाला बसले की त्या खोलीबाहेर. म्हातारपणी मास्तर त्यांच्याकडे मुंबईला राहायला आले. रोज सकाळी विचारायचे, बाळ, माझ्याबरोबर चहा घेतेस? रोज काही तरी निमित्त सांगून त्या निघून जायच्या. शेवटी त्यांनी आपल्या डॉक्टर मित्राच्या सल्ल्याने गोळी सुरू केली. हीच, हर्षदाची.

"आणि मला बरं वाटायला लागलं," बाई म्हणाल्या. "सगळे म्हणाले, गोळी लागू पडली. पण गोळी सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत बाबा गेले होते. घरात भुरका मारणारंच कोणी उरलं नव्हतं. मी लोकांच्या चाचण्या तपासल्या, शेठ, पण माझ्या स्वतःवर गोळी लागू पडली की घर रिकामं झालं, हे मला आजपर्यंत सांगता येत नाही."

नामदेवशेठनी हातातला पाय ताटात ठेवला. मग म्हणाले, "मंग आमची पोर श्रावनात कशी बसली व्हती?"

"श्रावणात तुमच्या पानात काय होतं?"

नामदेवशेठनी बायकोकडे बघितलं. वरणभात, ती म्हणाली. श्रावणापासून गणपती जाईपर्यंत वरणभात, भाजी, खीर. या घरात त्या दिवसांत मासळीचं नाव काढत नाहीत. नांगी फोडायला घरात चिंबोरीच नव्हती. नामदेवशेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "म्हंजे आमी पेढे वाटले ते वरनभाताचे." आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसताच डोळे पुसले. मग विचारलं की म्हणजे ती गोळी खोटी का. बाई म्हणाल्या, खोटी म्हणायलाही पुरावा लागतो, तो माझ्याकडे नाही. पण पोर खोटी नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. नितेश कोपऱ्यात उभा होता. नामदेवशेठ त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "गाडी काढ. सुनेला घेऊन ये."

पुढचं सगळं काही गोडगोड झालं नाही. हर्षदा आली, पण सासूचा रुसवा बरेच दिवस टिकला. अलिबागच्या डॉक्टरांनी गोळी चालू ठेवली, सोबत बोलून करायचे उपचार सुरू केले. बाईंनी सांगून ठेवलं होतं की परीक्षा चिंबोरीच्या दिवशी घ्यायची, वरणभाताच्या नाही. हे काम नामदेवशेठनी असं अंगावर घेतलं की विचारू नका. दर रविवारी ते जेवता जेवता सुनेकडे लक्ष ठेवायचे आणि बाईंना फोन करायचे. आज रस्सा संपेपर्यंत बसली डाक्टर! बाई विचारायच्या, पंखा चालू होता का? होता. रेडिओ? तोही होता. मग पुढच्या रविवारी रेडिओ बंद ठेवून बघा. असं चाललं होतं. हळूहळू नामदेवशेठनाही तीच खोड लागली. ट्रकवाल्यांच्या बैठकीत कोणी नव्या तेलाने गाडीचं मायलेज वाढल्याचं सांगायला लागला, की हे पंजा वर करून विचारायचे, रस्ता तोच होता का, माल तेवढाच होता का?

निकाल विचाराल तर असा. हर्षदाची झोप परत आली, दुपारची धडधड गेली. आवाज मात्र तिला अजून बोचतो. पंखा असला, रेडिओ असला तर बसते, नाहीतर उठून पडवीत जाते, आणि आता कोणी मान वळवून बघत नाही. यात गोळीचा वाटा किती, बोलण्याचा किती आणि सासऱ्याचा किती, असं मी एकदा बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नामदेवशेठना वगळून चाचणी घेता आली असती तर सांगितलं असतं.

त्यानंतर दोनेक पावसाळ्यांनी बाईंच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. पुतणीने मुंबईला न्यायचं ठरवलं. रस्त्याच्या खड्ड्यांपेक्षा रेवसहून लाँच बरी, भाऊच्या धक्क्यावर पुतणी गाडी घेऊन उभी राहणार होती. सोबतीला मी जाणार होते. जेट्टीवर पोचवायला हर्षदा, नितेश आणि नामदेवशेठ आले. बाई खूप वाळल्या होत्या. छत्री मात्र हातात होती.

लाँचला अवकाश होता, म्हणून टपरीवरच्या बाकावर बसलो. नामदेवशेठना चहाशिवाय राहवत नाही. त्यांनी चहा घेतला, बशीत ओतला, आणि सवयीने बाईंकडे पाठ फिरवून जरा लांब जाऊ लागले. एवढ्या दिवसांत ती त्यांची रीतच झाली होती.

"शेठ," बाई म्हणाल्या, "इथे बसा. इकडे तोंड करून प्या."

नामदेवशेठनी माझ्याकडे बघितलं. ते बाईंच्या समोर बसले आणि अगदी हलक्या ओठांनी घोट घेतला. बाईंनी मान हलवली. तसं नको, नेहमीसारखं. मग त्यांनी मारला भुरका. बाईंचा जबडा आवळला, छत्रीच्या दांड्यावरची बोटं पांढरी झाली. हर्षदा पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. दुसरा भुरका, तिसरा. बाई उठल्या नाहीत. नामदेवशेठच्या तोंडाकडे एकटक बघत बसल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. बशी रिकामी झाली.

"बरा वाटतंय काय डाक्टर?" नामदेवशेठनी घाबरत विचारलं. "जमला की तुमाला."

बाईंचा पंजा वर आला.

"थांबा. एका बशीवरून काही ठरत नाही," त्या म्हणाल्या. "आणखी एक घ्या."

नामदेवशेठनी टपरीवाल्याला दुसरा चहा सांगितला. लाँच यायला अजून वेळ होता.